टेकडीवरची शिराझ

छोटीनं सकाळीच तळघरात उतरून पाच पिंपांतले पाच नमुने काढले, बाटल्यांवर खडूनं आकडे घातले आणि जेवणाच्या खोलीतल्या लांब टेबलावर त्या ओळीनं मांडल्या. सहावी बाटली तिनं स्वतः तयार केली होती. तिच्यावर आकडा तिनं सगळ्यात शेवटी घातला.

तिचे वडील, म्हणजे घरातले दादा, होते तोवर हे काम त्यांचं होतं. टेकडीवरचा शिराझ द्राक्षांचा मळा त्यांनीच लावला, अक्षरशः दगड फोडून. द्राक्षं दादांनी पिकवायची, त्यांची वाइन त्यांच्या पाठच्या बहिणीनं, ताईनं करायची, आणि शेंडेफळ असलेल्या बापूनं ती विकायची, अशी या घराची वाटणी होती. दादांना जाऊन तीन वर्षं झाली. छोटी वाइनचं शिक्षण घेऊन परत आली, सव्वीस वर्षांची झाली, काकापेक्षा उंच झाली, तरी नाव छोटीच राहिलं.

"सहावीचं एवढ्यात काही बोलू नकोस," बापूकाका दारातूनच हलक्या आवाजात म्हणाला. "ताईला आधी चाखू दे. तिनं चांगली म्हटली की मग सांगू."

"आत्याला कळणार नाही असं वाटतं तुम्हाला? ती नुसत्या वासावरून पिंप कुठल्या कोपऱ्यातलं ते सांगते."

"कळू दे की. मी काय चोरी करतोय?" तो आत आला आणि बाटल्यांकडे बघत उभा राहिला. "शिराझवर माझंही प्रेम आहे गं. पण ती काळीकुट्ट, जड, तोंड आवळणारी. लोकांना आता हलकं लागतं. खालच्या मळ्यातली फिकी वाइन निम्म्याला निम्मी मिसळली की सहा महिन्यांत माल बाहेर. नदीपलीकडच्या हॉटेलवाल्याला मी शब्द देऊन बसलोय."

"आणि दुसरं?"

"दुसरं जेवण झाल्यावर काढतो. पुढच्या हंगामापासून पिंपं तू बघायचीस. ताई थकलीय. नीट जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. तुला दिसत नाही का?"

छोटीला दिसत होतं. पूर्वी आत्या तळघरात उतरली की वर्गात मास्तर आल्यासारखं व्हायचं. आता ती पिंपाच्या तोंडाशी वाकायची आणि बराच वेळ तशीच राहायची, ऐकू न येणाऱ्या माणसानं दाराला कान लावावा तशी. काकाचं पटत होतं, आणि पटतंय याची तिला लाजही वाटत होती.

स्वयंपाकघरातून आईच्या पळ्या-पातेल्यांचा आवाज येत होता. चाखणीच्या दिवशी जेवण आईचं. तीस वर्षं ती या दिवशी वाढत आली होती. तिला टेबलाशी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

*

पहिला घोट ताईचा, हा या घरातला कायदा. तिनं ग्लास उचलून खिडकीच्या उजेडात धरला, काठाची जांभळी झाक पाहिली, ग्लास हलवला आणि नाकाशी नेला.

काही नाही. आठ महिन्यांत एकदाही काही नाही.

त्या तापातून ती उठली, त्या सकाळी वहिनीनं, छोटीच्या आईनं, दिलेली कॉफी म्हणजे नुसतं गरम कडू पाणी होतं. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल, कदाचित नाही येणार. वहिनीला तिनं काही सांगितलं नव्हतं. चार दिवसांनी शेगडीवर दूध करपलं, घरभर करपल्याचा वास सुटला, आणि ताई तिथंच शेजारी उभी राहून शांतपणे वर्तमानपत्र वाचत होती. वहिनीनं गॅस बंद केला, पातेलं उचललं आणि विचारलं, "कधीपासून, ताई?"

तेव्हापासून दर मंगळवारी, बापू गाडी घेऊन बाहेर पडला की दोघी तळघरात उतरायच्या. वहिनी वास घ्यायची आणि तिला वाटेल ते, वाटेल तसं सांगायची. ताई ते पाठ करायची.

"पहिलं," ताई म्हणाली, "टेकडीच्या पायथ्याच्या वाफ्यांचं. पिकलेलं जांभळ, जरा मऊ. उन्हात लवकर पिकलं." ती तशीच पुढे गेली. दुसरं, तिसरं. प्रत्येकाचा एक घोट घ्यायची, तोंडात फिरवायची, टाकून द्यायची. तिथं तिला कुणाची गरज नव्हती. जीभ तिची होती, हिरड्या तिच्या होत्या. आंबटपणा कुठं बोचतो, तुरटपणा कुठं धरतो, ते तिला अजून आधीसारखंच कळत होतं. आयुष्यभर नाकानं झाकून टाकलेलं कितीतरी तिला या आठ महिन्यांतच कळलं होतं, पण ते सांगायचं कुणाला?

"चौथं. उत्तरेकडच्या उताराचं. तिथं गारवा, म्हणून मिरी सगळ्यात जास्त. कुटलेली काळी मिरी, मागून काळं ऑलिव्ह, शेवटी थोडा धूर." तिनं नाकापासून ग्लास खाली घेतला. "छान उतरलंय. हे हलवायचं नाही."

बापूनं आपला ग्लास नाकाशी नेला आणि थबकला. पुन्हा नेला.

"ताई," तो म्हणाला, "याला ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतोय."

*

बापूचं नाक हा घरात चेष्टेचा विषय होता. करपलेलं आणि भाजलेलं यातला फरक त्याला कळत नाही, असं दादा म्हणायचे. म्हणून आपलंच काहीतरी चुकत असणार, असं धरून त्यानं ग्लास छोटीपुढे सरकवला. छोटीनं वास घेतला आणि तिचा चेहरा पडला.

"बाटली," ती म्हणाली. "माझी चूक आहे. एक बाटली कमी पडली म्हणून मी कपाटातली जुनी घेतली. ओलसर खोक्यात पडली होती. घाईत नीट धुतली नाही. पिंप चांगलं असेल, पण बाटलीतलं पार बिघडलंय." बोलता बोलता ती थांबली आणि आत्याकडे बघू लागली.

बापूही बघत होता. एवढा वास मारतोय की आपल्याला कळला, आणि ताईला मिरी लागली?

वहिनी पदर खोचत दारात आली. "आण ती बाटली इकडे. दुसरी भरून आणते. जुन्या बाटल्यांचं असंच होतं, एकेकदा लगेच कळत नाही."

"वहिनी, राहू दे," ताई म्हणाली. "बस जरा. इथं, टेबलाशी."

वहिनी बसली नाही, पण आतही गेली नाही. ताईनं दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि जे होतं ते सांगून टाकलं. ताप, कॉफी, डॉक्टर, मंगळवार. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नसतील. तिचा आवाज एकदाही हलला नाही, आणि बापूला तेच सहन होईना.

"आठ महिने," तो म्हणाला. "आठ महिने मी रोज तुझ्यासमोर जेवायला बसतो. मी कोण परका होतो का?"

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"काय केलं असतं म्हणजे? दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं असतं."

"आणि पिंपं? पिंपं छोटीकडे दिली असतीस. त्याच दिवशी."

जेवणानंतर बोलायचं म्हणून बापूनं जे मनात जुळवून ठेवलं होतं, ते शब्दाला शब्द हेच होतं.

"मला दुसरं येतं काय, बापू?" ताई म्हणाली.

मग बापूच्या काहीतरी ध्यानात आलं. "थांब. मागच्या महिन्यात बाटल्यांत भरली ती? मी जगभर सांगत सुटलोय, ताईनं आजवर केलेली ही सगळ्यात चांगली शिराझ."

"ती वहिनीनं ठरवली. कुठली पिंपं घ्यायची, कुठलं थांबवायचं, किती मिसळायचं. मी फक्त तुरटपणा बघितला."

"पण वहिनी तर पीतही नाहीत."

"गिळत नाही, भावजी," वहिनी दारातूनच म्हणाली. "तोंडात घेते, बघते, टाकते. रश्शाचं मीठ बघायला मी काय पातेलंभर रस्सा पिते?"

छोटीला हसू आलं आणि ते दाबताना डोळ्यांत पाणी आलं. बापू मात्र हसला नाही. त्याला राग आला होता. ताईचा, वहिनीचा, की आपल्याला काहीच न कळल्याचा, ते त्याचं त्यालाच ठरवता येईना.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मग वहिनींनीच सांगावं. इथं सहा ग्लास आहेत. सहाव्यात काय आहे?"

*

सहाव्यात काय आहे ते वहिनीला सकाळीच कळलं होतं. छोटी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बाटली भरत होती, तेव्हा खालच्या मळ्याचा तो हलका, लाल बोरांसारखा वास तिच्या नाकात शिरला होता. लेकीनं आईपासून काही लपवलं की आईला ते कळतंच, इथं तर झाकणही उघडं होतं.

पण परीक्षेला बसल्यासारखं टेबलाशी बसून उत्तर द्यायचं तिच्या जिवावर आलं. त्या खुर्चीत शब्द सुचणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. तिला सुचायचं ते शेगडीपाशी.

"जेवण गार होतंय," ती म्हणाली. "आधी जेवा. मग सांगते. नाही, जेवता जेवताच सांगते."

तिनं पहिल्यांदा मासा आणला, वाफवलेला, लिंबू आणि थोडं लोणी घातलेला. प्रत्येकापुढे दोन ग्लास ठेवले: तिसरा आणि सहावा.

"आधी तिसरा घ्या. माशाबरोबर."

बापूनं घास घेतला, वर घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "लोखंडी डबा चाटल्यासारखं लागतंय."

"लागणारच. मासा बिचारा नाजूक. त्याच्यावर ही शिराझ म्हणजे पोराच्या अंगावर पैलवान बसवायचा. आता सहावा घ्या."

त्यानं घेतला. या वेळी तोंड सरळ राहिलं. "हे बरं आहे. चांगलंच आहे."

"चांगलंच आहे. खालच्या मळ्याची फिकी वाइन निम्मी घातलीय. छोटीनं मिसळलीय आणि मन लावून मिसळलीय." तिनं लेकीकडे बघितलं नाही. "माशाला, कोंबडीच्या हलक्या रश्शाला, कुणी पाहुणा दुपारी नुसता गप्पा मारायला आला तर त्याला, ही सहावी द्या."

बापू सावरून बसला. बाजी आपल्याकडे झुकतेय असं त्याला वाटलं असावं. वहिनीला त्याच्या चेहऱ्यावरून ते दिसलं आणि मनातल्या मनात गंमत वाटली. ती आत गेली आणि दुसरं ताट घेऊन आली. निखाऱ्यावर भाजलेलं वांगं, तेलात खरपूस परतलेल्या अळंब्या, बाजूला जुन्या, कडक चीजचे तुकडे.

"आता उलटं करा. आधी सहावा."

"चालतंय," बापू म्हणाला. मग त्यानं तिसरा घेतला. पुन्हा वांग्याचा घास घेतला, पुन्हा घोट.

"वांग्याचा धूर आणि हिचा धूर एकमेकांना ओळखतात," वहिनी म्हणाली. तिला आता बोलायला बरं वाटत होतं. हात चालू होते म्हणून असेल. "अळंबीला मातीचा वास असतो, तो हिच्यामुळे वर येतो. आणि चीज खाऊन बघा. खारट, चरबीचं. मघाशी तोंड आवळत होतं ना? आता आवळतंय?"

"नाही."

"चरबी तुरटपणा ओढून घेते. मग मागं उरतं ते फळ. काळं, पिकलेलं, हाताला डाग पाडणारं."

शेवटी तिनं कोकराची मांडी आणली. सकाळपासून मंद आचेवर होती, वरून जाडसर कुटलेली मिरी. सुरी लावताच मांस हाडापासून सुटलं. बापूनं सवयीनं लाल मिरचीच्या चटणीकडे हात नेला, तशी तिनं वाटी बाजूला सरकवली.

"आज नको. तिखटावर ही जास्तच पेटते, मग दुसरं काही कळत नाही. मिरी पुरे. मिरी हिच्या घरचीच आहे."

त्यानं आधी सहावा घेतला. मांसाच्या घासानंतर ग्लासात जणू काही नव्हतंच, नुसतं ओलं आणि जरा आंबट. मग तिसरा. तो चावायचा थांबला. वहिनीनं दादांना असं थांबलेलं बघितलं होतं, टेकडीचा पहिला घोट घेतला तेव्हा. मांस गोड लागलं, वाइन मऊ झाली, आणि गिळल्यावरही मिरीचा तो गरमपणा घशात कितीतरी वेळ रेंगाळत राहिला.

"ही तोंड आवळत नव्हती, भावजी," ती म्हणाली. "हिला चावायला काहीतरी हवं होतं."

सगळे जेवत होते. बऱ्याच वेळानं वहिनीनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या त्या हॉटेलवाल्याकडे काय शिजतं?"

"मांस. निखाऱ्यावरचं. त्याच्याकडे दुसरं काही मिळतच नाही, लांबून लांबून लोक त्याच्यासाठीच..." बापूचं वाक्य तिथंच थांबलं. त्यानं काटा ताटात ठेवला.

"मग त्याला हलकी कशाला विकता?" वहिनी म्हणाली.

*

"त्यानं मागितली," बापू म्हणाला. पण त्या बोलण्यात आता जोर नव्हता.

"काका, त्यानं नाही मागितली," छोटी म्हणाली. तिला बोलायचं होतं आणि काकाकडे बघायचं नव्हतं. "तुम्ही त्याला देऊ केली. आणि मी तुम्हाला करून दिली. सहावी वाईट नाही, पण मी शिराझ घालून शिराझच पुसून टाकली. खालच्या मळ्याची वाइन एकटीसुद्धा माशाबरोबर चांगली लागेल. तिला टेकडीची गरज नाही."

"म्हणजे तूही त्यांच्या बाजूला गेलीस."

"हो."

बापू खुर्चीत मागं टेकला. सकाळी आपल्या बाजूला कोण होतं ते त्यानं आठवून पाहिलं असेल, कारण थोड्या वेळानं तो स्वतःशीच हसला.

"आणि दुसरं?" छोटी म्हणाली. "जेवणानंतर बोलणार होता ते. मीच बोलते. आत्या, पुढच्या हंगामापासून पिंपं मी बघावीत असं काकांचं म्हणणं होतं. मीही हो म्हणाले होते. आता नाही म्हणते."

ताईनं मान वर केली. "का? बरोबर आहे त्याचं. नाक नसलेल्या बाईकडे पिंपं कोण ठेवतं?"

छोटीनं तीन स्वच्छ ग्लास घेतले, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बाटलीतून थोडं थोडं ओतलं आणि आत्याकडे पाठ करून त्यांची जागा बदलली. "कुठलं किती वर्षं टिकेल, सांग. वास नकोच घेऊस."

ताई ग्लासांकडे बघत राहिली. मग एकेक उचलला. तिनं घाई केली नाही. घोट जिभेवरून गालांकडे नेला, हिरड्यांवर थांबवला, टाकला, आणि तोंडात उरलेल्याकडे लक्ष देत बसली.

"हे यंदाच पिऊन टाका," एक ग्लास बाजूला सारत ती म्हणाली. "मऊ आहे, पण पाठीत कणा नाही. हे चार वर्षं. तुरटपणा बारीक आहे, मखमलीवरून उलटा हात फिरवावा तसा. आणि हे," उरलेल्या ग्लासावर तिनं बोट ठेवलं, "आत्ता रागीट आहे. मूठ आवळून बसलंय. दहा वर्षांनी ही मूठ उघडेल तेव्हा मी असेन की नाही कोण जाणे, पण तू असशील. उघडून बघ."

छोटीच्या खिशात प्रयोगशाळेतून आलेला, पिंपांच्या तुरटपणाच्या तपासणीचा कागद होता. तिनं तो काढला, वाचला आणि काकापुढे ठेवला. बापूनं आकड्यांवरून बोट फिरवलं. त्याला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण क्रम कळत होता. पहिलं, तिसरं, पाचवं. ताईनं लावलेला तोच.

"मला अजून दोघींच्या हाताखाली शिकायचंय," छोटी म्हणाली. "आईला काय वास येतो ते मला येत नाही. तुला तोंडात जे कळतं ते मला कागद आल्यावर कळतं."

"दोघींच्या," बापू म्हणाला. तो शब्दही त्यानं चाखल्यासारखा उच्चारला. मग वहिनीकडे वळून म्हणाला, "वहिनी, तीस वर्षं तुम्ही आम्हाला वाढत होतात. आमच्यापैकी कुणी एकदा तरी विचारलं का हो, तुम्हाला कशी लागली?"

"तुमच्या दादांनी विचारलं होतं," वहिनी म्हणाली. "लग्नानंतर पहिल्याच वर्षी. मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं. मग त्यांनी परत विचारलं नाही. चूक माझीही आहे."

बापू उठला आणि फोन घेऊन अंगणात गेला. उघड्या खिडकीतून त्याचा आवाज ऐकू येत होता. आधी दबका, मग हळूहळू चढत गेलेला. तो हॉटेलवाल्याला सांगत होता की हलकी मिळणार नाही, वाट बघावी लागेल, आणि वाट का बघावी ते सांगताना तो निखारे, चरबी, मिरी असं काय काय बोलत राहिला. ताई मान खाली घालून ऐकत होती. तिचे खांदे हलायला लागले तेव्हा छोटीला आधी वाटलं, ती रडतेय.

"ऐक, ऐक," ताई हसू आवरत वहिनीला म्हणाली. "म्हणतोय, मी स्वतः आठ महिने हिच्यावर लक्ष ठेवून आहे."

बापू परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "म्हणाला, दोन बाटल्या घेऊन या, मांस मी भाजतो, मग बोलू. रविवारी. आपण चौघंही जायचं." त्यानं टेबलावर नजर टाकली. "आणि चौथ्या पिंपाचं काय? त्याचा निकाल लागलाच नाही. बाटलीच नासकी निघाली."

"आत्ताच बघू," ताई म्हणाली आणि उठली. छोटीनं स्वच्छ ग्लास घेतले. वहिनीनं ताटं एकावर एक रचायला घेतली. "तुम्ही व्हा पुढे. एवढं आवरते आणि येतेच."

बापूनं तिच्या हातातली ताटं काढून घेतली. "तुम्ही जा, वहिनी. तिथं तुमचं काम आहे. हे मी बघतो."

"तुम्ही?"

"बघतो म्हटलं ना."

तिघी तळघराच्या पायऱ्या उतरू लागल्या. छोटी पुढे, तिच्या मागं ताई, शेवटी वहिनी. निम्म्या पायऱ्या उतरल्या असतील, तोच वरून नळ धो धो सुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ताट फुटल्याचा. वहिनी जागच्या जागी थांबली आणि वर बघू लागली.

ताईनं मागं वळून तिचा हात धरला.

"चल," ती म्हणाली. "ताटं पुष्कळ आहेत."